दात्याची अट

आलापल्लीच्या सरकारी लाकूड-डेपोत सागाचे ओंडके रांगेने मांडून ठेवलेले असतात, आणि ज्याला या धंद्याची जुनी ओळख आहे असा मनुष्य ओंडक्याच्या लांबी-गोलाईकडे पाहण्यापूर्वी त्याच्या कापलेल्या तोंडाकडे पाहतो. कारण तेथे वनखात्याच्या हातोड्याची छाप उमटलेली असते, आणि ती नसेल तर लाकूड कितीही सरळ व निर्दोष असले तरी नाक्यावर तो माल चोरीचा ठरतो. या गावात शिक्षकीत आयुष्य घालविलेल्या मला ती छाप पाहताना एका अगदी वेगळ्या जातीच्या दस्तऐवजाची आठवण होते. मोठ्या देणगीच्या कागदातही रकमेच्या आकड्याखाली बहुधा एखादी अट लिहिलेली असते. आकडा लोकांच्या तोंडी राहतो, संगमरवरावर कोरला जातो, शताब्दीच्या स्मरणिकेत छापला जातो, आणि अट मात्र दफ्तरात धूळ खात पडते. परंतु तो पैसा कोणासाठी आला हे सांगणारी छाप म्हणजे ती अटच होय. वैद्यकीय महाविद्यालयांच्या विश्वस्तांनी महाराष्ट्राची जी सेवा केली तिचा विचार करता करता माझे मत असे बनत गेले आहे की ती सेवा पैशात थोडी होती, इमारतीत त्याहूनही थोडी होती. खरी सेवा होती ती अट घालण्यात, आणि घातलेली अट गैरसोयीची झाल्यावरही निभावण्यात.

आलापल्लीत बसून हा विषय सुचावा याचे काहींना नवल वाटेल. अहेरीच्या जमीनदारीच्या काळापासून हा मुलूख सागासाठी प्रसिद्ध आहे. येथून जवळच राखून ठेवलेला ‘वनवैभवा’चा पट्टा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला, आणि २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी आमच्याच या वनप्रदेशातील साग वाजतगाजत रवाना झाला तेव्हा दूरदूरचे लोक पाहायला जमले होते. पण ज्या रस्त्याने लाकूड जाते त्याच रस्त्याने रोगीही जातो, आणि त्याच्या रवानगीला कोणी जमत नाही. भामरागडकडचा माडिया आदिवासी, सिरोंच्याकडचा तेलुगू बोलणारा शेतकरी, मुलचेऱ्याचा बंगाली निर्वासित, या सगळ्यांच्या चिठ्ठ्या आलापल्लीच्या चौकावरून पुढे सरकतात. ‘रेफर केलं’ हा शब्द इकडे ज्याला सहीही करता येत नाही त्यालाही येतो. येथून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरांहून दूर, चंद्रपूर जवळपास तितकेच, आणि नागपूर म्हणजे तर प्रवासातच एक दिवस संपविणारे गाव. पावसाळ्यात पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा संबंधच तुटतो, आणि मग चिठ्ठी खिशात असूनही तिचा उपयोग नसतो. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी जन्माला आला. चंद्रपुरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१५ साली आले, आणि गडचिरोलीच्या महाविद्यालयास शंभर विद्यार्थ्यांची परवानगी मिळण्यास २०२४ साल उजाडावे लागले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र या महाविद्यालयाला दाता नाही, विश्वस्त नाही, आणि म्हणून अटही नाही, हे माझ्या मनातून जात नाही.

विश्वस्त हा शब्द आपण फार सैल वापरतो. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे पण जी त्याची नाही, जिचा कारभार त्याने पाहावयाचा पण जिचा उपभोग दुसऱ्याने घ्यावयाचा, असा मनुष्य म्हणजे विश्वस्त. ही स्थिती इतकी अस्वाभाविक आहे की मनुष्यस्वभाव ती फार काळ सहन करीत नाही, आणि संधी मिळताच विश्वस्ताचा मालक होतो, किंवा मग कंटाळून नुसता सहीचा धनी होतो. गांधींनी धनिकांपुढे विश्वस्तवृत्तीचा विचार मांडला तेव्हा अनेकांनी त्याला भाबडा म्हटले. मला तो भाबडा वाटत नाही, फक्त भयंकर कठीण वाटतो. कायद्यालाही ही कठिणाई ठाऊक आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने, ज्याला पूर्वी मुंबईचे नाव होते आणि आता महाराष्ट्राचे लागले आहे, विश्वस्तांचे हात जागोजागी बांधून ठेवले आहेत: छत्तिसाव्या कलमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून संस्थेची स्थावर मिळकत विकता येत नाही, दरसाल हिशेब तपासून घ्यावे लागतात, विश्वस्त बदलला तर त्याची नोंद करावी लागते. पण संस्थेची दिशा विकायची असेल तर मात्र कोणाची परवानगी लागत नाही. भूखंडाला कुंपण आहे, हेतूला नाही.

वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाबतीत ही अडचण दुपटीने वाढते, कारण तेथे लाभार्थी कोण हेच पटकन कळत नाही. विद्यार्थी डोळ्यांपुढे असतो. तो शुल्क भरतो, वसतिगृहाच्या जेवणाबद्दल तक्रार करतो, प्रसंगी घोषणा देत दारावर येतो, आणि पुढे नावलौकिक मिळविला तर संस्थेलाही मिळवून देतो. म्हणून विश्वस्ताला वाटू लागते की आपण विद्यार्थ्यासाठीच आहोत. पण वैद्यकाची विद्या विद्यार्थ्यापाशी थांबावी म्हणून कोणी दिलेली नसते; विद्यार्थी हा वाहक आहे, धनको आहे तो त्याच्यापुढे वीस वर्षांनी येऊन बसणारा रोगी, जो आज कदाचित जन्मलेलाही नाही आणि जन्मलेला असला तरी सभेचा अजेंडा त्याला कोणी पाठवीत नाही. त्या अनुपस्थित माणसाची खुर्ची राखून ठेवणे हे विश्वस्ताचे काम, आणि ती राखण्याचे आजवर सापडलेले एकमेव साधन म्हणजे अट.

मुंबईचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ शहरातील लोकांनी वर्गणी जमविली म्हणून, आणि शेजारचे रुग्णालय उभे राहिले ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या औदार्यामुळे. त्या पिढीच्या दात्यांची अट साधी होती, बहुधा व्यापाऱ्याला शोभेल अशी: आम्ही इतके देतो, सरकारनेही आपला वाटा घालावा. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिले पदवीधर १८५१ साली या कॉलेजातून बाहेर पडले, यावरून त्या सौद्यात लोकांचा तोटा झाला असे कोणी म्हणणार नाही. पण त्या अटीत शिकवणार कोण आणि बरे करणार कोणाला, हा प्रश्न अजून उगवलेला नव्हता.

तो प्रथम उगवला स्त्रियांच्या बाबतीत. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या, आणि जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी व सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८८३ च्या सुमारास त्यांच्यासाठी निधी उभारण्याचे काम हाती घेतले. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी रुग्णालयासाठी दान दिले तेव्हा ते स्त्री-डॉक्टरांच्याच ताब्यात राहावे हा त्यातील मुख्य आग्रह होता. आणि १८८६ साली, म्हणजे ज्या वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवी घेतली त्याच वर्षी, हे रुग्णालय उघडले. एडिथ पीची नावाची इंग्रज डॉक्टर त्यासाठी मुंबईस आली. त्या काळच्या वैद्यकीय खात्याला, जेथे प्रत्येक खुर्चीवर पुरुष आणि प्रत्येक मोठ्या खुर्चीवर गोरा पुरुष बसलेला होता, ही अट केवढी विपरीत वाटली असेल याची कल्पना करावी. नुसते पैसे दिले असते तर मुंबईत आणखी एक रुग्णालय झाले असते. अट घातल्यामुळे स्त्री-डॉक्टरला स्वतःच्या हुकमतीखालचा एक कारभार मिळाला.

पण माझ्या मते या बाबतीतला सर्वांत ठसठशीत दाखला शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांचा आहे. येथे एक बारकावा आवर्जून सांगण्यासारखा आहे: दाता हयात नव्हता, आणि त्याच्या संपत्तीचे काय करावे हे त्याच्या पश्चात विश्वस्तांनी ठरविले. परळला नगरपालिकेचे रुग्णालय व्हावयाचे होते, सातव्या एडवर्डचे नाव त्याला द्यावयाचे होते, आणि त्यालगत वैद्यकीय महाविद्यालय काढण्यासाठी विश्वस्त पैसा देऊ करीत होते. पण त्या देकारासोबत त्यांनी एक अट पुढे ठेवली. महाविद्यालयातील प्राध्यापक व शिक्षक हे योग्य पात्रतेचे, स्वतंत्र आणि भारतीय असावेत, सरकारी नोकरीतील नसावेत. वरवर पाहता हे नेमणुकीचे एक किरकोळ कलम वाटेल. पण त्या वेळी इंडियन मेडिकल सर्व्हिस ही इंग्रजांची जणू वतनी जागा होती. ग्रँट मेडिकलच्या प्रमुख अध्यापनपदांवर त्याच सेवेतले अधिकारी बसत, आणि कितीही निष्णात असला तरी हिंदी डॉक्टर त्यांच्या हाताखाली सहायक राही. विश्वस्तांनी भाषणे केली नाहीत, कायदेभंग केला नाही, तुरुंगात गेले नाहीत. त्यांनी एका तहनाम्यात एक कलम घालून वैद्यकशिक्षणातील एक गड घेतला. १९२६ साली महाविद्यालय आणि रुग्णालय सुरू झाले, डॉ. जीवराज मेहता यांनी त्याची धुरा पहिल्या वर्षांत वाहिली, आणि संपूर्ण हिंदी अध्यापकांनी चालविलेले महाविद्यालय कसे दिसते हे मुंबईने प्रत्यक्ष पाहिले. रोजचा खर्च नगरपालिका उचलीत होती, पुढील दशकांत तिने त्यावर विश्वस्तांच्या देणगीच्या कितीतरी पट पैसा ओतला असेल. तरीही ती संस्था कोणती होणार हे ठरविले विश्वस्तांच्या अटीने. अटीचे वजन रकमेच्या वजनाने मोजता येत नाही असे मी म्हणतो ते याच आधारावर.

यावर कोणी म्हणेल की मेलेल्या माणसाचा हात जिवंतांच्या मानेवर कशाला हवा? आक्षेप खोटा नाही. ‘भारतीय आणि सरकारी नोकरीबाहेरचे’ हे शब्द १९४७ नंतर निरर्थक झाले. पण त्या अटीला जे मरण आले ते हेवा करण्यासारखे होते, कारण ती पूर्ण होऊन संपली. बहुतेक अटींना असे मरण लाभत नाही. काही अटी अशक्य होतात, आणि अशांसाठी कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमात सोय आहे की मूळ हेतू अशक्य किंवा अयोग्य झाला तर त्याच्या शक्य तितक्या जवळचा दुसरा हेतू शोधावा. काही अटी केवळ अवघड होतात, आणि तेथे खरी परीक्षा असते. कारण अशक्य आणि अवघड यांतील सीमारेषा विश्वस्तांच्या सोयीनुसार सरकत असते.

या अवघडपणाचा अभ्यास करावयाचा असेल तर सेवाग्रामला जावे. आमच्या भागातून तिकडे जाणारी माणसे पुष्कळ आहेत, बहुतेक रोगी म्हणून; मी एकदा दोन्ही प्रकारे गेलो होतो, म्हणजे नातेवाइकाला दाखविण्यास आणि रिकाम्या वेळात पाहण्यास. गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावी येऊन राहिले, जमनालाल बजाज तेथील मालगुजार होते, आणि १९४० मध्ये त्या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. कस्तुरबा १९४४ च्या फेब्रुवारीत गेल्या. त्यांच्या नावाचे छोटे रुग्णालय, स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटांचे, त्यानंतर येथे सुरू झाले, आणि त्याच्यामागे डॉ. सुशीला नायर उभ्या होत्या. त्या गांधींच्या वैद्य होत्या, दिल्लीच्या लेडी हार्डिंगमध्ये शिकलेल्या, पुढे १९६२ ते १९६७ केंद्राच्या आरोग्यमंत्री. १९६४ साली कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, खेड्यात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याचे साहस तिने केले. पहिल्या तुकडीत साठ विद्यार्थी होते. खर्चाची वाटणी मोठी बोलकी आहे: निम्मा भार केंद्राचा, पाव राज्याचा, उरलेला पाव सोसायटीचा. म्हणजे शंभरातले पंचवीस देणाऱ्याच्या हाती दिशेचे सुकाणू राहिले, आणि पंचाहत्तर देणाऱ्याने ते चालवून घेतले. एवढा चतुर करार आपल्या सार्वजनिक जीवनात फार थोड्यांनी केला असेल.

सोसायटीने हे सुकाणू वापरले ते अटी घालण्यासाठी, आणि त्या अटी पाहुण्याला प्रथम विचित्र वाटतात. खादी घालायची, मद्यमांस वर्ज्य, श्रमदान करायचे, सर्वधर्म प्रार्थनेस बसायचे. नव्या विद्यार्थ्याने शरीररचनेची हाडे हाती घेण्याआधी पंधरा दिवस आश्रमात राहून झाडू आणि चरखा हाती घ्यायचा. प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन तेथील घरे वर्षानुवर्षे पाहत राहायचे. पदव्युत्तर शिक्षण येथेच हवे असेल तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात काम करायचे. प्रवेशपरीक्षेत पदार्थविज्ञान-रसायनाच्या जोडीला गांधीविचारांचीही प्रश्नपत्रिका असे.

मी भाविक मनुष्य नाही, म्हणून मला यातील सर्व अटी सारख्याच मोलाच्या वाटत नाहीत. गांधीविचारांची प्रश्नपत्रिका घोकून सोडविता येते, आणि घोकणारे ती सोडवीतच होते, त्यासाठी पुस्तिकाही निघत होत्या. खादीचेही तेच, ती अंगावर राहते आणि पुष्कळदा तेथेच थांबते. २०१६ नंतर देशभर एकच सामाईक प्रवेशपरीक्षा लागू झाली आणि ती प्रश्नपत्रिका इतिहासजमा झाली, तेव्हा जुन्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. माझी हळहळ वेगळ्या कारणासाठी होती. प्रश्नपत्रिका गेली याचे दुःख नव्हते. विश्वस्तांना अट घालण्यासाठी जी एक खिडकी मोकळी होती ती दिल्लीतून बंद झाली याचे होते. परीक्षा सर्वांना समान झाली, गैरप्रकार रोखण्याला मदत झाली, हे मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की ‘आमच्याकडे कोण यावे’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाहीसा झाला की विश्वस्ताकडे राहते ती इमारतीची डागडुजी.

याउलट दत्तक खेड्याची अट घोकून पुरी करता येत नाही. तेथे जावे लागते, एकाच घराच्या ओट्यावर पुन्हा पुन्हा बसावे लागते, आणि पहिल्या वर्षी रडणारे पोर तिसऱ्या वर्षी शाळेत का गेले नाही हे विचारावे लागते. याच ओट्यांवरून सेवाग्रामला आणखी एक गोष्ट सुचली असावी, जिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे: डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली ज्वारीची विमायोजना. गावकऱ्याने सुगीनंतर ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्याची ज्वारी जास्त, आणि त्या बदल्यात गावाला आरोग्यसेविकेपासून रुग्णालयापर्यंतचा आधार मिळायचा. मात्र दोन-चार घरे येऊन भागत नसे, बहुसंख्य गाव सामील झाले पाहिजे. पायली भरून ज्वारी ओतणारी बाई त्या दिवसापासून रुग्णालयाची उपकृत राहत नाही, हक्कदार होते. आणि ज्या संस्थेच्या कोठारात तिची ज्वारी पडली आहे तिच्या विश्वस्तांना लाभार्थी विसरायचा म्हटला तरी विसरता येत नाही. डॉ. सुशीला नायर ३ जानेवारी २००१ रोजी गेल्या, पण महाविद्यालय चालू राहिले, त्याच्या एका तुकडीचे विद्यार्थी आता शंभर झाले. संस्थापकाच्या मृत्यूनंतर अटींचे काय होते याची उदाहरणे महाराष्ट्रात ढीगभर आहेत, आणि त्या ढिगात सेवाग्राम मला अजून तरी बरे दिसते.

तो ढीग कसा जमला याविषयी थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण हा विषय चघळण्यात रस नाही. १९८३ नंतर राज्याने विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांस मुभा दिली. सरकारकडे पैसा नव्हता आणि मुलांना जागा हव्या होत्या, तेव्हा निर्णय समजण्यासारखा होता. पण त्यानंतर ‘विश्वस्त मंडळ’ या शब्दाचा अर्थ पालटला. नोंदणीच्या कागदावर सार्वजनिक न्यास, आणि विश्वस्तांची यादी वाचावी तर रेशनकार्ड वाचल्यासारखे वाटावे: वडील, आई, थोरला, धाकटा, सून. देणगी घेणे गुन्हा ठरविणारा कायदा १९८७ साली करावा लागला, आणि सर्वोच्च न्यायालयाला मोहिनी जैन, उन्नीकृष्णन, टी. एम. ए. पै अशा खटल्यांतून शुल्काची चर्चा दशकभर करावी लागली. गंमत अशी की येथेही अट होतीच, फक्त तिचा मोहरा फिरला होता. पूर्वी दाता संस्थेला अट घालीत असे. आता संस्था देणाऱ्याला घालू लागली. या महाविद्यालयांतून चांगले डॉक्टर निघाले नाहीत असे मी म्हणत नाही, आमच्याच तालुक्यात त्यांपैकी काही राबताना मी पाहिले आहेत. पण ते निघाले ते स्वतःच्या बळावर. त्यांनी इकडे यावे यासाठी विश्वस्तांनी कोणतीही गोष्ट केलेली नव्हती.

तर मग आमच्या जिल्ह्यासाठी अट कोणी घालायची? दाता नसेल तेथे ती कोठून यावी? या प्रश्नाचे एक उत्तर गडचिरोलीतच आहे, आणि ते वैद्यकीय महाविद्यालयात घडलेले नाही म्हणून त्याकडे कमी लक्ष जाते. डॉ. अभय व डॉ. राणी बंग १९८६ साली या जिल्ह्यात आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांच्या ३९ गावांतील प्रयोगात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची निगा शिकविली गेली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, हे जगाला ठाऊक आहे. मला येथे त्याआधीची एक लहान गोष्ट हवी आहे. आदिवासींसाठी रुग्णालय बांधायचे तर ते कसे असावे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. उत्तर आले ते कोणत्याही वास्तुविशारदाला सुचले नसते: मोठ्या पांढऱ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांच्या माणसांची भीती वाटते, आमच्या गावासारख्या झोपड्या असाव्यात, रोग्याजवळ त्याच्या माणसांना राहता यावे, आणि नाव आमच्या देवीचे द्यावे. त्याप्रमाणे शोधग्राममध्ये माँ दंतेश्वरी दवाखाना उभा राहिला. पैसा न देणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्यासाठी सारे चालले आहे त्यांनी घातलेली ही अट. ती मान्य करण्यात त्या डॉक्टरांनी जे केले ते विश्वस्ताचेच काम होते. हेमलकशास १९७३ पासून चाललेल्या लोकबिरादरी प्रकल्पाकडे येथूनच रस्ता जातो, आणि तेथेही डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना आधी माडियांची भाषा शिकावी लागली, नंतर दवाखाना चालला.

शासकीय महाविद्यालयास समित्या असतात, रुग्ण कल्याणाच्या नावाने बैठका भरतात, चहा येतो, इतिवृत्त कायम होते. त्यांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या हाती अधिकार थोडे असतील, पण एक कलम सुचविण्याचा अधिकार कोणाच्याही हाती असतो, आणि शेठ गोरधनदासांच्या विश्वस्तांनी एका कलमात काय केले ते वर सांगितलेच आहे. या विचाराने मी काही महिने एक उद्योग चालविला होता. एस.टी.च्या थांब्यावर, साप्ताहिक बाजारात, डेपोच्या फाटकाशी ओळखीचे कोणी भेटले की मी विचारी: नवे डॉक्टरांचे कॉलेज झाले आहे, तुम्हाला त्यांच्याकडून एकच गोष्ट कबूल करून घेता आली तर कोणती घ्याल? शिकलेल्यांनी एमआरआय सांगितले, हृदयाचा विभाग सांगितला, एकाने हेलिकॉप्टरही सांगितले. भामरागडच्या बाजूचा एक वयस्क माडिया, ज्याचा मुलगा कधीकाळी माझ्या वर्गात होता, बायकोला दाखवून परत निघाला होता. पिशवीत औषधाच्या पट्ट्या, मुठीत केसपेपर, आणि गाडीला अजून तास होता. प्रश्न त्याला दोनदा समजावून सांगावा लागला.

“चिठ्ठीच्या खिडकीत आपली बोली बोलणारा माणूस बसवा, गुरुजी,” तो म्हणाला. “नाव सांगितलं तर दुसरंच लिहितात. मग आतमधी दुसऱ्याच बाईला हाक मारतात, हे बसूनच राहते.”

केसपेपर मी हाती घेऊन पाहिला. बाईच्या नावात तीन अक्षरांपैकी दोन चुकलेली होती, गावाचे नाव तर तिसऱ्याच तालुक्यातले होते. एवढ्या साध्या मागणीचे कलम एका ओळीत लिहिता येईल आणि त्याला खर्चही नाही, असा हिशेब मी मनात करीत असता, आणखी काही हवे का, असे मी सहज विचारले. तो बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला. लाकडाचा एक ट्रक वळण घेऊन बल्लारपूरकडे निघाला होता.

“मेला माणूस तर घरापर्यंत सोडून द्या म्हणावं,” तो म्हणाला. “गाडी डांबर संपलं का थांबते. पुढं नाला आहे. खाटेला चार माणसं लागतात, गुरुजी, आन् बदलीची चार.”